झोंबी लँड सागा: कुठला संदर्भ कुठून आला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अजून एकही भाग बघितलेला नाही. हे वाचलं तर मजा जाईल का?

जाईल. निदान पहिला भाग तरी आधी बघून या, अर्ध्या तासाच्या आतलं काम आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये हा अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन मालिका) आला तेव्हा तो नक्की कशाबद्दल आहे हे निर्मात्यांनी जाहिरातीत मुद्दाम झाकून ठेवलं होतं. लोक भयपट बघायला बसले आणि पुढ्यात आला सात मेलेल्या मुलींचा नाचगाण्याचा ग्रुप. त्यांना जिवंत करणारा, गॉगल लावून सतत ओरडणारा मॅनेजर म्हणजे कोतारो तात्सुमी. सागा नावाच्या, कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या प्रांताला वाचवायचं म्हणून त्याने हा ग्रुप काढलाय. ग्रुपचं नाव फ्रांशूशू, आणि ते त्यातल्याच ताए या मुलीच्या शिंकेवरून पडलंय.

इथून पुढे दोन्ही सीझनमधली गुपितं उघड होणार आहेत. नंतर बोल लावू नका.

‘झोंबी’ लिहायचं की ‘झॉम्बी’?

हा प्रश्न खरंच येतो. मी ‘झोंबी’ लिहिते, कारण बोलताना तसंच म्हणते. एकच अडचण आहे. मराठीत झोंबी हा आपला जुना शब्द आहे, अंगाला अंग भिडवून केलेली झटापट. आनंद यादवांच्या ‘झोंबी’ला 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्यामुळे इंटरनेटवर नुसतं ‘झोंबी’ शोधलं तर मेलेल्या मुलींच्या आधी यादव भेटतात. तक्रार नाही, भेटलेच तर वाचून काढा.

नावातला ‘सागा’ म्हणजे गाथा की गाव?

दोन्ही, आणि सगळी गंमत त्यातच आहे. सागा हा क्यूशू बेटावरचा खराखुरा प्रांत आहे, लोकसंख्या आठ लाखांच्या आसपास. युरोपीय भाषांतून जपानीत आलेला ‘सागा’ म्हणजे लांबलचक वीरगाथा. त्यामुळे नाव ऐकताना एखाद्या भव्य मालिकेचं वाटतं आणि निघतं एका शांत, भातशेतीच्या जिल्ह्याचं. आपल्याकडे डोंबिवलीवरून ‘झोंबिवली’ झालं, त्याच जातीचा विनोद. गावाचं नाव आधीच हाताशी होतं, फक्त कोणाला तरी ते दिसायला हवं होतं.

2009 च्या ‘झॉम्बीलँड’ या अमेरिकन विनोदी चित्रपटाशी संबंध आहे का, असंही विचारतात. नाव कानाला सारखं लागतं तेवढंच, कथेत काहीही जुळत नाही.

पहिल्याच मिनिटांत साकुराला ट्रक उडवतो. हा कशावरचा टोमणा आहे?

सकाळची वेळ, प्रसन्न संगीत. शाळकरी नायिका साकुरा आयडॉल (नाचगाण्याची तारका) होण्याचा अर्ज घेऊन उत्साहात घराबाहेर पडते आणि छोट्या मालवाहू ट्रकखाली येते. ती हवेत असतानाच चित्र संथ होतं, डेथ मेटल सुरू होतं आणि त्यावर श्रेयनामावली झळकायला लागते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा कानातले हेडफोन काढून, चुकीची फाइल तर लावली नाही ना, असं तपासलं होतं.

अ‍ॅनिमे आणि मांगा (जपानी कॉमिक्स) यांच्या जगात ट्रकने उडणं हा तोपर्यंत चावून चोथा झालेला प्रकार होता. नायक ट्रकखाली मरतो आणि तलवारी, जादू, राक्षस असलेल्या दुसऱ्या जगात जन्म घेतो. चाहते त्या ट्रकला लाडाने ‘ट्रक-कुन’ म्हणतात. साकुराचंही तसंच होईल असं वाटत असताना ती दहा वर्षांनी डोळे उघडते आणि पोचलेली असते कुठे, तर सागामध्येच. दुसरं जग वगैरे काही नाही. त्याच प्रांतात, त्याच पावसात, फक्त चेहरा निळसर आणि आठवणी गायब.

झोंबी चित्रपटांचे थेट संदर्भ कोणते?

सगळ्यात उघड म्हणजे कुत्रा. कोतारोच्या झोंबी कुत्र्याचं नाव रोमेरो आहे. जॉर्ज रोमेरो या दिग्दर्शकाने 1968 मध्ये पिट्सबर्गच्या आसपास, जेमतेम पैशांत ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा कृष्णधवल चित्रपट काढला, आणि आज आपण झोंबी म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे आणतो (हळूहळू चालणारे, माणूस खाणारे, झुंडीने येणारे) ते बहुतेक सगळं तिथून आलं. गंमत म्हणजे त्या चित्रपटातली पात्रं त्यांना झोंबी म्हणतच नाहीत. ही खोड पुढच्या कित्येक कलाकृतींनी उचलली. तिथे लोक ‘ते’, ‘त्या गोष्टी’ असं काहीतरी म्हणत राहतात, जणू कोणी आयुष्यात झोंबीपट बघितलेलाच नाही. कोतारो मात्र मुलींना पहिल्याच भेटीत तोंडावर सांगतो, तुम्ही झोंबी आहात. वर त्यांना नंबरही देतो: झोंबी क्रमांक एक, दोन, तीन.

दुसरा संदर्भ वाड्याचा. साकुरा अंधाऱ्या पाश्चात्त्य धाटणीच्या वाड्यात जागी होते आणि दाराआडून गुरगुरत एकेक आकृती येते. 1996 चा ‘रेसिडेंट ईव्हिल’ हा गेम ज्यांनी खेळलाय त्यांना ती मांडणी ओळखीची वाटेल. हा माझा अंदाज आहे. वाड्याचं मूळ मात्र अंदाज नाही. कारात्सू शहरात 1908 साली बांधलेली मित्सुबिशी कंपनीच्या शाखेची जुनी इमारत आहे, तिच्यावरून तो बेतलाय. म्हणजे पडद्यावर जे भुताळी दिसतं, ते एकेकाळी कोळशाच्या व्यापाराचं ऑफिस होतं.

तिसरा पोलिसाचा. साकुरा पावसात पळत सुटते, समोर पोलीस दिसतो म्हणून जिवाच्या आकांताने त्याच्याकडे धावते आणि तो तिला गोळी घालतो. रोमेरोच्या त्या पहिल्या चित्रपटाचा शेवट ज्यांना माहीत आहे ते इथे थोडे चपापतात. तिथेही वाचलेल्या माणसाला वाचवायला आलेलेच लोक झोंबी समजून गोळी घालतात. फरक इतकाच की साकुरा खरंच झोंबी आहे, आणि गोळी लागल्यावर आपल्याला दुखलं कसं नाही या काळजीत पडते.

भागांच्या नावांत काय काय दडलंय?

जवळजवळ प्रत्येक नावाच्या शेवटी ‘सागा’ आहे, आणि बऱ्याच नावांच्या पोटात दुसरंच काहीतरी. इंग्रजी येणाऱ्यांना ‘डेड ऑर लाइव्ह सागा’ लगेच कळतं. ‘डेड ऑर अलाइव्ह’मधून एक अक्षर काढलं की उरतो तो ‘लाइव्ह’ कार्यक्रम. चौथ्या भागाचं ‘वॉर्मिंग डेड सागा’ म्हणजे ‘वॉकिंग डेड’ या झोंबी मालिकेची थट्टा. हा भाग उरेशिनोच्या गरम पाण्याच्या कुंडांत घडतो, म्हणून ‘वॉर्मिंग’. दहाव्या भागाचं ‘नो झोंबी नो आयडॉल सागा’ हे टॉवर रेकॉर्ड्सच्या जपानी दुकानांच्या ‘नो म्युझिक, नो लाइफ’ या घोषवाक्यावरून. आठव्या भागात लिलीची गोष्ट आहे, तिचं नाव ‘गो गो नेव्हरलँड सागा’. नेव्हरलँड म्हणजे पीटर पॅनचं कधीही मोठं न होणाऱ्या मुलांचं बेट, आणि लिलीला मोठं व्हायचं नव्हतंच. वर तिच्या वडिलांचं आडनावही ‘गो’! दुसऱ्या सीझनमधलं ‘माय माय रेव्होल्यूशन सागा’ हे 1986 च्या ‘माय रेव्होल्यूशन’ या गाजलेल्या जपानी गाण्यावरून, आणि त्या भागातल्या मुलीचं नावच माइमाइ.

माझं आवडतं नाव अकराव्या भागाचं, ‘जगात एकच असलेला सागा’. स्माप या ग्रुपचं 2003 चं ‘जगात एकच असलेलं फूल’ हे गाणं जपानमध्ये लहानथोरांना पाठ आहे. पहिला नंबर यायची गरज नाही, तू एकमेव आहेस तेवढं पुरे, असा त्याचा आशय. आता त्या भागात काय घडतं ते आठवा. साकुराला जुन्या आठवणी परत येतात आणि त्यांच्यासोबत जुना पराभवही येतो. प्रत्येक महत्त्वाच्या वेळी नशिबाने तोंडघशी पाडलेली मुलगी अंथरुणात तोंड खुपसून म्हणते की मी काहीही केलं तरी जमणार नाही. आणि कोतारोच्या यादीत तिचा क्रमांक कितवा? एक. शीर्षकात काही न बोलता एवढं बसवणारा माणूस मला भेटला तर मी त्याला चहा पाजेन.

सातही जणी वेगवेगळ्या काळातल्या का?

माझ्या मते खरी मानवंदना इथे आहे. रोमेरो, ट्रक, वाडा हे सगळं दारावरचं तोरण, घर आत आहे. प्रत्येक मुलगी जपानी करमणुकीच्या एका मेलेल्या काळाची प्रतिनिधी आहे, आणि कोतारो कबर उकरतो ती खरं तर त्या काळाची.

सर्वांत जुनी युगिरी, मेइजी काळातली नामांकित गणिका, मृत्यू 1882 च्या अखेरीस. सतराव्या शतकात ओसाकाला युगिरी नावाची प्रसिद्ध गणिका होऊन गेली आणि काबुकी नाटकांत तिचं पात्र आजही उभं राहतं, त्यामुळे जपानी प्रेक्षकाला नाव ऐकताक्षणी अख्खं चित्र दिसतं. तिच्यानंतर थेट शंभर वर्षांची उडी.

जुंको कोन्नो 1983 मध्ये विमान अपघातात गेली. ती शोवा काळातली आयडॉल, म्हणजे टीव्हीवर दिसणारी, चाहत्यांपासून चार हात लांब राहणारी तारका. आइ मिझुनो गेली ऑगस्ट 2008 मध्ये, भर कार्यक्रमात वीज अंगावर पडून. ती ज्या ‘आयर्न फ्रिल’ची मुख्य गायिका होती, तो ग्रुप उघडच एकेबी48 या खऱ्या आयडॉल ग्रुपनंतरच्या लाटेतला आहे. एकेबी48 ची स्थापना 2005 ची, आणि त्यांचं ब्रीदच ‘जिला जाऊन भेटता येतं अशी आयडॉल’. आता सहाव्या भागातलं भांडण बघा. कार्यक्रम संपल्यावर पैसे घेऊन चाहत्यांसोबत झटपट फोटो काढायचे असतात. आइला त्यात काहीच वावगं वाटत नाही. जुंको मात्र घाबरून मागे सरते, तिच्या लेखी तारकेने असं वागणं म्हणजे धंद्याचा अपमान. दोघी आपापल्या काळाच्या हिशेबाने बरोबर आहेत. निवाडा न करता हा वाद पटकथेने दोन मुलींच्या तोंडी ठेवलाय, आणि आयडॉल संस्कृती पंचवीस वर्षांत कशी बदलली हे एखाद्या जाडजूड लेखापेक्षा इथे लवकर कळतं.

पुढच्या भागात पुन्हा भर कार्यक्रमात, पुन्हा वीज पडते. यावेळी मरायला कोणी शिल्लक नाही. मुली चमकायला लागतात, आवाज यंत्रातून आल्यासारखे होतात आणि रॉक गाणं बघता बघता इलेक्ट्रॉनिक होऊन जातं. विजेने मढं उठवणं ही कल्पना 1931 च्या फ्रँकेन्स्टाइन चित्रपटाने रुजवली. इथे ती विजेवर चालणाऱ्या पॉप संगीताची थट्टा होऊन येते, आणि आइच्या भीतीचा शेवटही होते.

साकी निकाइदोवर वेगळा प्रश्न खाली आहे. लिली होशिकावा 2011 मध्ये गेलेली बालकलाकार. जन्माने मुलगा, मनाने आणि आयुष्याने मुलगी. चेहऱ्यावर पहिला केस दिसल्याचा धक्का आणि अति काम यांनी तिचा जीव घेतला. तिचे वडील इतर पात्रांपेक्षा वेगळ्याच रेषेत काढलेत, जुन्या मर्दानी मांगातल्यासारखे खांदे आणि जबडा. म्हणून ते सुरुवातीला विनोदी वाटतात आणि मग अचानक वाटेनासे होतात.

साकीच्या टोळीचं नाव ऐकून जपानी लोक का हसतात?

साकी 1990 च्या दशकातली दुचाकीवाल्या टोळीची म्होरकी. अशा टोळ्या आपलं नाव मुद्दाम भयंकर अर्थाच्या, अवघड चित्राक्षरांत लिहायच्या. साकीच्या टोळीच्या नावात संताप वगैरे अर्थाची अक्षरं आहेत, पण मोठ्याने वाचलं की होतं ‘दोरामी’. होय, डोरेमॉनची पिवळी बहीण! प्रतिस्पर्धी टोळीच्या नावात ‘मारणे’ हे अक्षर आहे आणि उच्चार ‘कोरोसुके’. कोरोसुके म्हणजे डोरेमॉनच्याच कर्त्याच्या, फुजिको एफ. फुजिओंच्या, ‘कितेरेत्सु’मधला छोटा यंत्रमानव. रक्ताळलेली अक्षरं आणि बालवाडीतले उच्चार. डोरेमॉन आपल्याकडे हिंदी डबिंगमुळे घराघरांत पोचलाय, म्हणून हा विनोद मराठी प्रेक्षकालाही लागू पडतो. सबटायटलमध्ये मात्र तो बहुतेक वेळा हरवतो.

साकीचा मृत्यू 1997 चा. कड्याकडे सुसाट गाडी न्यायची, जो आधी ब्रेक मारेल तो हरला, अशा शर्यतीत तिने ब्रेकच मारला नाही. त्या काळातल्या टोळीवाल्या मांगांमध्ये अशा शर्यती आणि अशी ऐट भरपूर सापडते. त्या भागाचं शीर्षक जवळजवळ परिच्छेदाएवढं लांब आहे, तेही टोळीवाल्यांच्या कोटावर भरतकाम केलेल्या लांबलचक घोषणांची नक्कल म्हणूनच, असं मला वाटतं.

ताए यामादा एक शब्दही का बोलत नाही?

कथेतलं कारण: दोन्ही सीझनभर ती शुद्धीवर आलेलीच नाही. पडद्यामागचं कारण: विनोद. ताएचा आवाज आहे कोतोनो मित्सुइशी यांचा. ‘सेलर मून’ या अ‍ॅनिमेची नायिका उसागी आणि ‘इव्हँजेलियन’मधली मिसातो, दोन्ही त्यांचेच आवाज. 1990 च्या दशकातला जपानमधला एक अत्यंत ओळखीचा आवाज निवडायचा आणि त्याच्याकडून फक्त गुरगुरणं, चावणं नि वाळवलेल्या स्क्विडसाठी लाळ गाळणं करून घ्यायचं! ताएची ओळख नेहमी ‘दंतकथा बनलेली यामादा ताए’ अशी करून देतात आणि दंतकथा कसली ते दोन्ही सीझनमध्ये सांगत नाहीत. श्रेयनामावलीत मित्सुइशींचं नाव वाचलं की दंतकथा कळते.

कोतारोला आवाज देणारे मामोरू मियानो म्हणजे ‘डेथ नोट’चा लाइट यागामी. तोच थंड डोक्याचा मुलगा इथे घसा फाटेपर्यंत ओरडतोय, हे ऐकण्यातही वेगळं सुख आहे.

बारमधला तो म्हातारा मालक कोण?

कोतारो जिथे ग्लास घेऊन बसतो त्या बारचं नाव ‘न्यू जोफुकु’. जोफुकु हा श्यू फू या चिनी नावाचा जपानी उच्चार. इ. स. पू. तिसऱ्या शतकात चीनचा पहिला सम्राट छिन शी हुआंग याने अमरत्वाचं औषध शोधायला श्यू फूला पूर्वेच्या समुद्रात पाठवलं आणि तो परत आलाच नाही, असं जुने चिनी ग्रंथ सांगतात. तो जपानला उतरला अशी दंतकथा जपानच्या अनेक किनाऱ्यांवर आहे, आणि सागा त्यातला एक. सागा शहरातल्या किनर्यू देवळात तो आजही पुजला जातो.

आता दुवे जोडा. अमर व्हायचं औषध, मेलेल्या मुलींना उठवणं, आणि दुसऱ्या सीझनमधल्या मेइजी काळातल्या दोन भागांतही तसाच्या तसा दिसणारा मालक. बारच्या पाटीवर पहिल्या सीझनपासून उत्तर लिहिलेलं होतं. ज्यांना सागाच्या दंतकथा ठाऊक होत्या त्यांना ते आधीच कळलं असणार, बाकीच्यांनी अडीच वर्षं वाट बघितली.

त्याच दोन भागांत, ‘सागा घटना’ या नावाखाली, युगिरीचा मृत्यू येतो. पार्श्वभूमी कल्पित नाही. 1874 मध्ये सागात नव्या सरकारविरुद्ध बंड झालं, मोडून काढलं गेलं आणि 1876 मध्ये सागा प्रांत नकाशावरूनच पुसला गेला, शेजाऱ्यांत विलीन झाला. 1883 मध्ये तो पुन्हा स्वतंत्र झाला. म्हणजे सागा हा प्रांतच एकदा मेलेला आणि परत उठलेला आहे. हे कळल्यावर मी पहिला भाग पुन्हा लावला, तेव्हा शीर्षक वेगळंच दिसलं.

चिकनचं ते दुकान, चिखलातले खेळ, मलमपट्टी, हे सगळं खरं आहे का?

सगळं खरं आहे. ‘ड्राइव्ह-इन तोरी’ इमारी शहरात आहे. टेबलावरच्या शेगडीवर कोंबडी आपण स्वतः भाजायची, सोबत कोंबडीचा भात. पाचव्या भागात मुली त्यांची जाहिरात करतात, आणि अ‍ॅनिमेतल्या मालकाला आवाज दिलाय दुकानाच्या खऱ्या मालकांनीच. भाग बघताना वाटतं की जाहिरातीची थट्टा चाललीय, आणि तेवढ्यात कळतं की ही जाहिरातच आहे. दोन्ही एकदम. शाकाहारी वाचकांनी इथे गाण्यावर समाधान मानावं.

त्याच भागातली गातालिंपिक्स काशिमा शहरात भरते. आरिआके समुद्राला भरती-ओहोटीत पाणी सहा मीटरपर्यंत चढतं-उतरतं, आणि ओहोटीला मैलोन्‌मैल मऊ चिखल उघडा पडतो. त्याला म्हणतात ‘गाता’. गाता अधिक ऑलिंपिक्स म्हणजे गातालिंपिक्स. दोरीला लोंबकळून चिखलात उडी मारायच्या खेळाचं नाव ‘गाताझान’, टारझनवरून. हे नाव अ‍ॅनिमेवाल्यांनी शोधलेलं नाही, काशिमाकरांचंच आहे. सागाकरांची विनोदबुद्धी आधीपासून अशीच असावी. मेकअप धुतला गेला तर खरा चेहरा उघडा पडेल अशा मुलींना नेमकं चिखलात आणि गरम पाण्याच्या कुंडात नेणं, ही त्यावर पटकथेची फोडणी.

चौथ्या भागातली मलमपट्टी ‘सागानशिप झेड’ हेही सागातल्या युतोकु औषध कंपनीचं खरं उत्पादन. दुसऱ्या सीझनमध्ये मुली ज्या मैदानावर आपटी खातात आणि शेवटी परत उभ्या राहतात, ते सागान तोसु या फुटबॉल क्लबचं. मालिकेच्या निर्मात्यांपैकी सायगेम्स ही कंपनी काही वर्षं त्या क्लबची प्रायोजक होती.

रेडिओवरचा व्हाइट र्यू कोणी खरा माणूस आहे का?

र्यू म्हणजे ड्रॅगन. ‘पांढरा ड्रॅगन’ हे जपानीत एका शब्दात म्हणायचं तर हाकुर्यू. हाकुर्यू नावाचे अभिनेते-गायक इमारीचे आहेत, आणि या पात्राला आवाज त्यांचाच. कोडं इतकं सोपं की कोणाला सुटायचं राहू नये.

जुंकोचा विमान अपघात म्हणजे 1985 चा खरा अपघात ना?

हा दुवा बरेच जण छातीठोकपणे सांगतात. 12 ऑगस्ट 1985 ला जपान एअरलाइन्सचं 123 क्रमांकाचं विमान कोसळलं, 520 जण गेले, त्यांत गायक क्यू साकामोतोही होते. गायक आणि विमान एवढ्यावर लोक जोडणी करतात. पण जुंकोचं साल 1983 आहे, दोन वर्षं आधीचं. बाकी तारखांबाबत इतकी काटेकोर असलेली मालिका इथेच चुकेल असं मला वाटत नाही. उलट ओढूनताणून जोडलं जाऊ नये म्हणूनच साल वेगळं ठेवलं असेल. जिथे खऱ्या माणसांचं दुःख आहे तिथे संदर्भ शोधायची खाज आवरावी.

नाचणारे झोंबी म्हणजे ‘थ्रिलर’च की!

अर्थात. मायकेल जॅक्सनचा, जॉन लँडिसने दिग्दर्शित केलेला तो व्हिडिओ डिसेंबर 1983 चा. झोंबी ठेक्यावर नाचू शकतात हे जगाला तिथे कळलं. जुंको गेली तेच वर्ष. योगायोग असेल, पण मला हा योगायोग ठेवून घ्यायचाय.

पहिल्या सीझनची ओपनिंग सुपरहिरो मालिकेसारखी का दिसते?

कारण ती तशीच केलीय. रंगीत पोशाखातला चमू, पोझ, मागे स्फोट. जपानमधल्या ‘सेनताइ’ मालिकांचा हा साचा, ज्यांच्यावरून ‘पॉवर रेंजर्स’ निघाली. गाण्याचं नाव ‘आदाबाना नेक्रोमॅन्सी’. आदाबाना म्हणजे फळ न धरणारं, वांझ फूल. ओळीनं सात जणी मेलेल्या वयात थांबल्यात हे लक्षात घेऊन नाव पुन्हा वाचा.

मांगा वाचली तर चालेल का, की अ‍ॅनिमेच बघावा?

इथे गंगा उलटी वाहते. अ‍ॅनिमे मूळ आहे (स्टुडिओ माप्पा, दिग्दर्शक मुनेहिसा साकाइ), आणि मांगा त्यावरून आली. मेगुमु सोरामिची यांनी ती ऑक्टोबर 2018 पासून सायगेम्सच्याच ‘सायकोमी’ या वेबसाइटवर काढली. रेखाटन गोड आहे, पण वर लिहिलेले निम्मे संदर्भ कानाचे आहेत. डेथ मेटल, रॅपची जुगलबंदी, मित्सुइशींचं गुरगुरणं, विजेनंतर बदललेला आवाज: कागदावर या सगळ्याची अक्षरं होतात. आधी अ‍ॅनिमे, मग मांगा.

दुसऱ्या सीझनच्या शेवटी उडती तबकडी कुठून आली? आणि चित्रपटाच्या नावाचा अर्थ काय?

2021 चा सीझन संपता संपता सागावर उडती तबकडी येते आणि पडदा पडतो. चार वर्षं आम्ही त्यावर वाद घातले. ऑक्टोबर 2025 मध्ये ‘युमेगिंगा पॅराडाइज’ हा चित्रपट आला. युमे म्हणजे स्वप्न, गिंगा म्हणजे आकाशगंगा, त्यामुळे नाव परग्रहवासीयांसाठी जुळवल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ‘युमेगिंगा’ हे ताकेओ शहरातल्या सागा प्रांताच्या अंतराळ विज्ञान संग्रहालयाचं नाव आहे. शाळांच्या सहली जिथे जातात ती जागा! परग्रहवासी आणायचे तेही स्थानिक पत्त्यावर.

सागाला प्रत्यक्ष जायचं असेल तर?

फुकुओकाच्या हाकाता स्टेशनवरून जलद गाडीने सागा पाऊण तासाच्या आत येतं. वाडा आणि तिसऱ्या भागातलं स्टेशन बघायचं असेल तर कारात्सूला जा, त्याला सुमारे दीड तास धरा. तिथला किल्ला समुद्राला लागून आहे. बारावा भाग जिथे घडतो ते आरपिनो सभागृहही कारात्सूतच. इमारीला दुपारी पोचा आणि पोट रिकामं ठेवून जा. गातालिंपिक्ससाठी साधारण मे अखेर ते जूनचा सुमार, आणि फेकून द्यायच्या लायकीचे कपडे.

चालताना नजर रस्त्यावर ठेवा. प्रांतात जागोजागी फ्रांशूशूच्या मुलींची चित्रं असलेली मॅनहोलची झाकणं बसवलीत. पाय देऊ नका असं कोणी सांगत नाही, पण फोटो काढायला गुडघ्यावर बसलेलं कोणीतरी आधीच तिथे असतं, म्हणून जरा वळसा घालून जावं लागतं.